पंचनाम्याची नक्कल

आम्ही सेवेत होतो तेव्हाची गोष्ट. सौंसर तहसिलीतील एक वृद्ध बागायतदार गारपिटीच्या पंचनाम्याची नक्कल मागण्यासाठी तीनदा कार्यालयात आले. त्यांचा संत्र्यांचा बगीचा झडून गेला होता आणि यादीत आपले नुकसान किती लिहिले आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते. प्रत्येक वेळी आम्ही त्यांना 'पुढल्या आठवड्यात या' असे सांगितले. चौथ्यांदा ते आले नाहीत. नक्कल देऊ नये असा कोणताही आदेश नव्हता. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात वाढलेल्या नोकरशाहीची ती सवय होती, आणि ती आमच्याही अंगवळणी पडली होती.

त्याच मध्यप्रदेशात, बिलासपूरचे विभागीय आयुक्त असताना हर्ष मंदर यांनी 1996 च्या सुमारास रेशनच्या नोंदी लोकांना खुल्या केल्या होत्या. तेव्हा कायद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती, हे आम्हाला फार उशिरा उमगले. 12 ऑक्टोबर 2005 पासून माहितीचा अधिकार लागू झाला. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत ठरली, आणि कपाटाची किल्ली आमच्या हातून सुटली.

आपल्या भागात मात्र एक अडचण उरली. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा, असे कायदा सांगतो. 1956 च्या पुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले, पांढुर्णा-सौंसर इकडे राहिले, आणि आपली राजभाषा हिंदी झाली. ज्यांना हिंदीत लिहिणे जमत नाही, अशा आपल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे? ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असे कलम 6 मध्येच म्हटले आहे. ते मागून घेतले पाहिजे.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि छिंदवाड्याची खेप वाचली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला. तोच पंचनामा आज कोणी मागितला, तर 'यादीत इतरांची नावे आहेत' असे सांगून त्याला परत पाठवणे सोपे झाले आहे. व्यापक जनहित दाखवून ती माहिती मागण्याची वाट अजून खुली आहे, पण ती माहीत असलेला माणूस जवळ हवा.

आपल्या घराघरांत निवृत्त कारकून, शिक्षक, पटवारी आहेत. शेजाऱ्याचा एखादा अर्ज आपण हिंदीत लिहून दिला, तर थोडे ऋण फिटेल. आमच्यावर तर एका नक्कलेचे ऋण अजून तसेच आहे.