आठ दात, त्रेचाळीस दात

43 भागिले 8. सध्या भेटेल त्याला मी हा भागाकार ऐकवतोय. उत्तर 5.375, गॅरेजच्या भाषेत ‘पाच अडतीस’. आमच्या निपाणीच्या जुन्या महिंद्रा जीपचं सगळं दुखणं या एका भागाकारानं पळालं, आणि तो समजल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही!

चुलतभावानं जीपचे 6.00-16 चे, म्हणजे साधारण 28 इंची, टायर काढून 31 इंची चढवले होते. कारण रास्त होतं. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती म्हणजे काय चीज आहे, ते तंबाखूच्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत शिरल्याशिवाय कळत नाही. चाकोऱ्या खोल होतात आणि मागच्या एक्सलचा गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो. स्प्रिंगा उंच करून भागत नाही, कारण त्यानं बॉडी वर जाते, एक्सल जिथल्या तिथंच राहतो. एक्सल उचलायचा तर टायरच मोठा पाहिजे. 28 चा 31 केला की तो दीड इंच वर येतो, आणि चिखलात दीड इंच म्हणजे राज्य!

पण त्या दिवसापासून जीप मरगळली. तवंदी घाट तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी अर्ध्यातच दुसरा मागू लागली. पाणंदीत रिव्हर्स घेताना क्लचचा वास यायचा. प्रत्येकाचं निदान वेगळं: पंप बघा, नोझल बघा, इंजिन उतरवा. शेवटी बेळगावला उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. टायरकडे बघून म्हणाले, “टायर वाढवलासा, दात कोण वाढवायचं?”

मग त्यांनी जे केलं ते बघताना मी अक्षरशः जमिनीवर आडवा झालो होतो. गिअर न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर. टायरवर खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ. “चाक दोन फेरं फिरवा, शाफ्ट मोजा.” दोन फेरे का, तर एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरन्शियल फिरत्या चाकाला दुप्पट फिरवतं. मी चाक फिरवलं. शाफ्टची रेघ एक, दोन, तीन, चार वेळा वर आली आणि पाचवी फेरी पुरी व्हायला थोडीशी राहिली. “39 आठ,” मिस्त्री म्हणाले. एक्सलमधल्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राउनला 39 दात, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला 8. म्हणजे 4.88. एक नट न खोलता, दहा रुपयांच्या खडूनं एक्सलच्या पोटातलं बाहेर आलं!

पुढचं गणित चौथीतल्या मुलाला जमेल. जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. 4.88 गुणिले 31 भागिले 28: उत्तर 5.40. आणि या गोळ्यात बसणारा क्राउन-पिनियनचा पुढचा जोड कोणता? 43/8, म्हणजे 5.38! इतकं तंतोतंत जुळताना पाहून माझा कागदावर विश्वास बसेना. मी पुन्हा गुणाकार केला.

घाटात नेमकं काय होत होतं तेही आता दिसलं. टॉप गिअरमध्ये ताशी 60 किलोमीटरला जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला साधारण 2,180 फेरे फिरायचं. मोठ्या टायरवर तेच 1,970 वर उतरलं. फेरे कमी झाले म्हणजे डिझेल वाचेल असं सगळ्यांना वाटतं. पण सपाटीवर खपून जाणारा हा फरक चढाला जाणवतो, कारण ओढीसाठी इंजिनाला हवे असलेले फेरेच मिळत नाहीत. 43/8 घातल्यावर आकडा परत 2,170 च्या आसपास आला. शिवाय स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते. मोठ्या टायरवर काटा 60 दाखवायचा तेव्हा गाडी 66 ला असायची. रेशो जुळला आणि काटाही आपोआप खरं बोलू लागला.

आता मला सगळ्यात जास्त वेड लावलेली गोष्ट सांगतो. 39, 41, 43 असे अडनिडे आकडेच का? सरळ 40 ला 8 का नाही? कारण 40 ला 8 नं भाग जातो. पिनियनचा एक दात मग जन्मभर क्राउनच्या त्याच पाच दातांना भेटत राहील, आणि एका दाताला खोट असली तर ती त्याच पाचांना खात जाईल. 43 आणि 8 ला सामाईक विभाजक नाही. क्राउनच्या आठ फेऱ्या होतात तोवर पिनियनचा प्रत्येक दात त्रेचाळिसांपैकी प्रत्येकाला एकदा भेटून येतो. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. मसावि शाळेत कशासाठी शिकवतात ते मला एक्सलखाली कळलं.

आणि इतिहास तर त्याहून गोड! दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला 39/8 च होते. सैन्याला रस्त्यावर वेग हवा होता. 1945 मध्ये विलीजनं शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए काढली, तिला 43/8 दिले आणि लो रेंजही 1.97 वरून 2.43 वर नेली, कारण या जीपनं नांगर ओढायचा होता. पुढे मुंबईत विलीजच्या जीपांची जुळणी महिंद्रांनी सुरू केली. म्हणजे आमच्या पाणंदीला जो रेशो लागला तो शेताचाच होता.

काम मात्र सोपं नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलचे दात एकदमच बदलावे लागतात. या जीपमध्ये फोर व्हील लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडतात, आणि रेशो वेगळे असले तर डांबरावर ट्रान्सफर केसच पिळून निघेल. मिस्त्रींनी दातांना निळा रंग लावला, क्राउन फिरवला आणि रंग कुठं पुसला ते बघितलं. दाताच्या टोकाला पुसला म्हणून पिनियन काढून शिम बदलला. पुन्हा रंग, पुन्हा फिरव. रंग दाताच्या मधोमध पुसला तेव्हा कुठं डायल गेज लावून बॅकलॅश मोजला. मिलिमीटरच्याही छोट्या हिश्शाचा खेळ! मग 90 नंबरचं नवं तेल, आणि सुरुवातीला ओझं न ओढता हळू चालवायची सक्त ताकीद. कायद्याचंही इथंच सांगून टाकतो: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्यावं.

परवा तवंदी घाट तिसऱ्यात चढला. मी ओरडलोच! पाणंदीत लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन आयडलवर सोडलं. गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, चाकोरीतून चालत गेली. क्लचचा वास नाही.

हे ऐकून संकेश्वरचा एक मित्र आपली तशीच जीप घेऊन धावत आला. त्यालाही 31 इंची टायर आणि 43/8 हवेत. पण त्याचं येणं-जाणं सगळं हायवेनं, बेळगाव ते पुणे. मी कागद काढला. या जोडीवर ताशी 90 ला इंजिन 3,260 फेरे फिरणार. जुन्या डिझेलला तासन् तास तेवढं पळवणं मला पटत नाही, आणि त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो खट्टू झाला. मग त्याला 235/75 आर 15 चा हिशेब करून दिला. उंची 29 इंचांच्या आत, फरक जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, 39/8 ला हात लावायची गरजच नाही. तेवढ्या टायरवर तो खूश आहे, आणि उरलेल्या पैशांत पुढच्या-मागच्या गोळ्यांचे ऑइल सील बदलून घेतोय.