पिवळ्या पानांतले चिरंजीव

पल्प मासिकांचा कागद टिकावा म्हणून केलेलाच नसे. लाकडाच्या लगद्याचा, खरखरीत, स्वस्तातला स्वस्त. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडे; उरलेलं आम्ल त्याला आतून पोखरत राही. असा एक जुना अंक मी हातात घेतला, तेव्हा पान उलटताना कडेचा कपचा तुटून बोटावर आला. नखाएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा. मरण नाकारणाऱ्यांच्या गोष्टी जगाने छापल्या त्या अशा कागदावर!

'विअर्ड टेल्स' हे असंच एक पल्प मासिक मार्च १९२३मध्ये अमेरिकेत सुरू झालं. किंमत पंचवीस सेंट. भयकथाकार एच. पी. लवक्राफ्टचं नाव या मासिकाशी कायमचं जोडलं गेलं. पण अमरत्वावरची त्याची मला सर्वांत प्रिय कथा, 'कूल एअर', मासिकाने परत पाठवली. ती १९२८ साली दुसऱ्याच एका मासिकात आली. न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घरात डॉक्टर मुन्योस राहतो. अमोनियाच्या यंत्राने खोली गार ठेवतो, दार लावून घेतो, मसाल्यांचा आणि धुपाचा वास भरून ठेवतो. एके दिवशी पंप बिघडतो. बर्फाच्या लाद्यांवर लाद्या आणल्या जातात, पुरत नाहीत. मग कळतं, हा माणूस अठरा वर्षांपूर्वीच मेलेला आहे. इच्छाशक्ती आणि गारव्याच्या बळावर देह तेवढा धरून ठेवलाय. वाचताना भीती वाटते, त्याहून जास्त कीव येते. इतकं सगळं राखलं, ते एका बंद खोलीपुरतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत 'विअर्ड टेल्स'मध्ये लवक्राफ्टचा कथुलू हा राक्षस अवतरला: समुद्रतळाच्या नगरीत झोपलेला, तारे जुळण्याची वाट पाहणारा. त्याचं नशीब मुन्योसहून वेगळं निघालं, कारण लवक्राफ्टने आपल्या राक्षसांना कुंपण घातलं नाही; लेखक मित्रांशी देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चाले. क्लार्क अॅश्टन स्मिथचा त्साथॉग्वा देव लवक्राफ्टच्या कथेत येतो. रॉबर्ट हॉवर्डने कल्पिलेला ग्रंथ लवक्राफ्टची पात्रं वाचतात. रॉबर्ट ब्लॉक या कोवळ्या लेखकाला तर लवक्राफ्टसारखंच एक पात्र कथेत मारायचं होतं. त्याने रीतसर परवानगी मागितली आणि लवक्राफ्टने ती आनंदाने लिहून दिली! ती कथा १९३५मध्ये आली. पुढे लवक्राफ्टने एका कथेत रॉबर्ट ब्लेक नावाच्या तरुणाचा जीव घेऊन परतफेड केली. मरणाशी इतकं लाघवी खेळलेले मित्र मला दुसरे ठाऊक नाहीत.

खरं मरण मात्र खेळत नव्हतं. हॉवर्डने १९३६मध्ये, तिशीतच, स्वतःचा जीव घेतला. पुढच्याच वर्षी लवक्राफ्ट कॅन्सरने गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी, गरिबीत. मोठ्या प्रकाशकाचं एकही पुस्तक त्याच्या नावावर नव्हतं. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्रे या दोघा चाहत्यांनी त्याच्या कथा प्रकाशकांना दाखवल्या, कुणी घेईना. तेव्हा १९३९मध्ये त्यांनी स्वतःच 'आर्कहॅम हाउस' काढलं आणि जाडजूड कथासंग्रह छापला.

त्या प्रेमाने मला अजूनही भरून येतं. मुन्योसने आयुष्य साठवून ठेवलं आणि ते नासलं. लवक्राफ्टने आपल्या मनातलं सर्वांत भयंकर ते मित्रांच्या ओंजळीत मोकळेपणाने घातलं, आणि ते अजून हातोहात फिरतं आहे. अमर व्हायचं तर आपलं ते दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागतं. त्याने त्यात फेरफार केले, अगदी आपल्यालाच गोष्टीत मारलं, तरी ते हसून सोसावं लागतं.