नेम आणि नियत

आमच्या घरात पिस्तूल आहे असे सांगितले की ऐकणारा आधी दचकतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "खरंच?" खरे आहे. ते गॅसवर चालते, त्यातून शिशाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरण्यापलीकडे आम्ही त्याचा काहीही उपयोग करीत नाही. आपल्या घरांत या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून हे लिहिणे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलाच्या नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळवली, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक. तेव्हापासून आमच्या थोरलीने नेमबाजीचा ध्यास घेतला. अम्मींचा मात्र साफ विरोध. "पोरीच्या हातात पिस्तूल? तेही आपल्या घरात? उद्या कुणी काही बोललं तर कुणाकुणाला तोंड देत बसणार?"

अम्मींचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. बॅडमिंटनची रॅकेट घेऊन जिना उतरणाऱ्या मुलीकडे कुणी वळून पाहत नाही. डोक्यावर ओढणी आणि हातात पिस्तुलाची पेटी असलेल्या मुलीकडे लोक पाहणारच. हे मनाला लागते. पण लागते म्हणून मुलीला एका चांगल्या खेळापासून तोडायचे, हेही आम्हाला पटेना. तेव्हा ठरवले की जे करायचे ते उघड्यावर आणि कागदोपत्री चोख करायचे.

आधी कायदा समजून घेतला. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांप्रमाणे ज्या एअर गनच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि जिची ऊर्जा २० जूलच्या वर जात नाही, तिला परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र दिले, पक्के बिल घेतले. बिलाची एक प्रत पेटीत असते, एक कपाटात. शिवाय पोलीस ठाण्यात जाऊन आम्ही हे घेतले आहे, असे सांगून आलो. शेजाऱ्यांनाही बोलावून वस्तू दाखवली. इतरांना एक कुलूप पुरत असेल, आम्ही दोन लावली. एकाची किल्ली आमच्याकडे, दुसऱ्याची अम्मींकडे. ज्यांना भीती होती त्यांच्याच हाती पहारा दिला.

आता यंत्राविषयी. आमच्या पिस्तुलात बारा ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कुपी बसते. घरी सोडा करण्याच्या यंत्रात असते तिचीच थोरली बहीण म्हणा. आत वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. चाप ओढला की त्याचा थोडासा वाटा बाहेर पडून छर्ऱ्याला ढकलतो. एकामागोमाग भराभर छर्रे सोडले तर कुपी गार पडते, दाब उतरतो आणि छर्रा खाली लागू लागतो. थंडीतही तेच. त्यामुळे हे पिस्तूल घाई करणाऱ्याला आपोआप शिक्षा करते. स्पर्धेतली पिस्तुले आता दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. त्यांची किंमत ऐकून आम्ही शिक्षक माणसे गप्प बसलो. त्या पिस्तुलाचा सराव ती क्लबमध्ये करते.

लक्ष्याचा कागद जेमतेम सतरा सेंटिमीटरचा चौरस. त्यात दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पिस्तूल एकाच हाताने धरायचे. स्पर्धेत पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे. हात कुणाचाच पूर्ण स्थिर राहत नाही आणि प्रशिक्षक सगळ्यात आधी हेच मान्य करायला लावतात. नजर लक्ष्यावर नव्हे, पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची. काळे वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. छर्रा सुटल्यावरही हात क्षणभर तसाच ठेवायचा. पहिला महिनाभर तर थोरली रिकाम्या पिस्तुलाने कोऱ्या भिंतीसमोर उभी राहत होती. निकालाची घाई असलेल्या आजच्या मुलांना याहून चांगला धडा आम्हाला वर्गात देता आलेला नाही.

आपल्या दीनमध्ये तिरंदाजीला मान आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याबरोबरच्या अटी मात्र कमी सांगितल्या जातात. प्रेषितांनी (स.) थट्टेतही आपल्या भावावर शस्त्र रोखण्यास मनाई केली. मशिदीतून वा बाजारातून बाण नेताना त्याचे टोक धरून न्यावे, कुणाला इजा होऊ नये, अशी ताकीद दिली. जिवंत प्राण्याला नेमाचे लक्ष्य करणे निषिद्ध ठरवले. क्लबच्या भिंतीवर लावलेले नियम वाचताना आम्हाला हेच आठवले. नळी नेहमी लक्ष्याकडे, ने-आण रिकाम्या स्थितीत बंद पेटीतून, आणि कागदाखेरीज कशावरही नेम नाही. चिमण्या-कबुतरांवर छर्रे मारणाऱ्या मुलांना आम्ही दीन आणि वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही सांगतो. उहुदची गोष्टही मुलांना सांगतो. टेकडीवरच्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी हुकूम नसताना जागा सोडली आणि जिंकत आलेली लढाई फिरली. त्यांचा नेम वाईट नव्हता, सुटला होता तो संयम.

मराठीत 'नेम' म्हणजे निशाणाही आणि रोज न चुकता पाळायची गोष्टही. उर्दूत नियत आधी, अमल नंतर. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आम्हाला हा खेळ त्यामुळे परका वाटला नाही.

वयाचे म्हणाल, तर पॅरिसमध्येच तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांनी एकावन्नाव्या वर्षी, डोळ्यांवर साधा चष्मा आणि एक हात खिशात, शेव्वल तरहान हिच्यासोबत रौप्यपदक मिळवले. जगाला ती ऐट वाटली. खरे तर मोकळा हात खिशात ठेवला की शरीर स्थिर राहते. आपल्याकडचे मैराज अहमद खान यांनी २०२२ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी विश्वचषकात स्कीटचे सुवर्ण जिंकले. हे वाचून चाळिशीतले आम्ही दोघेही आता रविवारी दहा-दहा छर्रे मारतो. थोरली आमचे कागद तपासते आणि गुण देताना बिलकूल सवलत देत नाही.

ज्यांना मुलांना या खेळात घालायचे आहे त्यांना एवढेच सांगणे: आधी क्लब, मग खरेदी. वर्षभर मूल टिकते का पाहा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात घास घालू देऊ नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. आणि पिस्तुलासह फोटो काढून स्टेटसला लावायचा नाही, हा नियम सर्वांत कडक ठेवा. एका फोटोचा अर्थ पाहणारा आपापल्या मनाप्रमाणे लावतो. छिद्रे पडलेला कागद खुशाल दाखवा. तो आमच्या घरी फ्रिजवर लावलेला असतो, आणि येणारा-जाणारा पिस्तुलाआधी त्यातली मधली छिद्रे मोजतो.