भिंतीवाचूनचा तुरुंग

बडोद्याच्या मध्यवर्ती कारागृहावरून जाताना त्याची उंच भिंत पाहून आम्हांस नेहमी निर्धास्त वाटत आले आहे. त्यामुळे याच शहरात दंतेश्वर येथे खुले कारागृह असून तेथील बंदिवान शेतीत राबतात, हे प्रथम कळले तेव्हा मनात आले ते भयच. ही माणसे पळून कशी जात नाहीत?

उत्तर शोधू लागलो आणि औंध संस्थानाची आठवण झाली. भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तेथे गुन्हेगार कुटुंबासह राहून शेती करीत. १९५७ चा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावर आधारलेला. कथा त्याच मुलखातील गदिमांची. चित्रपट पाहून डोळे पुसणारे आपण, ती खरी वसाहत मात्र विसरलो.

अशा तुरुंगाचा आराखडा साधा असतो. पाण्याची सोय असलेली जमीन, लहान घरे, हाताला काम आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी. तट, बुरूज व पहारेकऱ्यांच्या पाळ्या यांवरील मोठा खर्च वाचतो. शिक्षेचा बराच काळ चांगल्या वर्तनाने काढलेले बंदिवानच येथे निवडून आणतात. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून असे शिबिर आहे. तेथील बंदिवान बाहेर काम करून आपल्या कुटुंबाचे पोट स्वतः भरतात. पळालेला पकडला गेला, की पुन्हा बंद तुरुंग आणि मुलाबाळांची ताटातूट! हा धाक कोणत्याही भिंतीहून मोठा.

हे सारे पटले. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बागेत एक माळी येत असे. त्याच्या हाताने लावलेली मोगरी पहिल्याच उन्हाळ्यात बहरली. पुढे त्याने शिक्षा भोगल्याचे कानी आले आणि आम्ही, काहीतरी निमित्त सांगून, त्याला येऊ नको म्हटले. त्याने कारण विचारले नाही. हिशेबाचे पैसे घेतले, खुरपे धुऊन जागेवर ठेवले आणि तो निघून गेला.

सरकारने त्याला सोडले होते. आम्ही सोडले नाही. खुले कारागृह कमी खर्चात बांधता येते खरे, पण तेथून सुटणाऱ्याला आपल्या घराचे फाटक उघडे नसेल, तर तो सारा खटाटोप व्यर्थ होय.

मोगरी अजून फुलते. ओंजळीत घेताना मात्र आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे होते.