भिंतीबाहेरची नळी

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं आता थंड देशांत आहेत. बाळंतपण म्हणा, नातवंडं म्हणा, आपलं जाणं नेमकं हिवाळ्यात पडतं. सांगलीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वेटर, मोजे सगळे सांगतात, पण भिंतीबाहेरच्या एका नळीबद्दल कोणी सांगत नाही. म्हणून आज तेच लिहिते.

इंग्लंडमध्ये बहुतेक घरं गॅसच्या बॉयलरवर तापतात. २००५ पासून तिथे नवा बॉयलर साधारणपणे ‘कंडेन्सिंग’ प्रकारचाच बसवावा लागतो. मी कॉमर्सची, त्यामुळे मला तो हिशेबाच्या भाषेत समजला. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. जुन्या बॉयलरमध्ये ती आपली उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जायची, म्हणजे सरळ नुकसान. नवा बॉयलर त्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता वसूल करतो. वसुलीनंतर उरतं ते थोडं आम्लधर्मी पाणी. ते गटारात सोडायला प्लास्टिकची एक नळी असते.

ही नळी बारीक असली आणि बाहेरच्या भिंतीवरून गेली असली, की कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठतं. पाणी थेंबथेंब येतं, त्यामुळे ते वाहून जाण्याआधीच बर्फाचा थर धरतो. नळी तुंबली की पाणी मागे बॉयलरपर्यंत येतं आणि बॉयलर स्वतःच्या सुरक्षेसाठी बंद पडतो. म्हणजे ज्या दिवशी उबेची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी घर गार! डिसेंबर २०१० मध्ये तिकडे विक्रमी थंडी पडली, तेव्हा असंख्य घरांत हेच झालं होतं.

आमच्यावर ही वेळ लेस्टरला आली. नातू अठरा दिवसांचा होता. पहाटे रेडिएटर हाताला थंड लागले. बॉयलरमधून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येत होता. मी लेकीला आणि बाळाला एकाच पांघरुणात घेतलं, बाळाला तिच्या छातीशी धरायला लावलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. जावई उकळत्या पाण्याची किटली घेऊन बाहेर निघाले, तेवढ्यात शेजारचे गुजराती काका कुंपणापलीकडून म्हणाले, “उकळतं नको हं, नळी तडकेल. आणि सांडलेल्या पाण्याचा बर्फ झाला की तुम्हीच घसराल.”

मग शेकायच्या दोन रबरी पिशव्या भरल्या. नळीचं वळण आणि खालचं तोंड, जिथे बर्फ आधी धरतो, तिथे त्या टॉवेलने बांधल्या. वरून कोमट पाणी हळूहळू ओतलं. अर्ध्या तासाने आतून बर्फाचा गोळा सरकला आणि पाणी सुटलं. जावयांनी बॉयलरचं रीसेटचं बटण दाबलं. रेडिएटर कोमट लागला तेव्हा कुठे मी चहाचं आधण ठेवलं.

नंतर नोंदणीकृत गॅस इंजिनिअरला बोलावून नळी बदलून घेतली. त्याने सांगितलेलं मी वहीत उतरवून ठेवलं आहे:

• शक्य तर नळी घरातूनच सिंकच्या किंवा संडासाच्या पाइपला जोडावी.
• बाहेरून न्यावीच लागली, तर ती ३२ मिमीपेक्षा बारीक नको आणि बाहेरचा भाग ३ मीटरपेक्षा लांब नको.
• दर मीटरला सुमारे ४५ मिमी उतार हवा. वळणं जितकी कमी तितकी बरी.
• नळीवर फोमचं जाड वेष्टन हवं, पाण्यात आणि उन्हात टिकणारं.
• फारच थंडी पडणार असेल, तर हीटिंग रात्री बंद न करता चालू ठेवावं, म्हणजे नळीतून कोमट पाणी वाहत राहतं.

जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तरच नळीला हात लावा. शिडी नको. बॉयलरचं झाकण तर उघडायचंच नाही. रीसेट करूनही चालू झाला नाही, तर इंजिनिअरला बोलवा.

आणखी एक गोष्ट मला आवडली. हे पाणी बागेत सोडायचं असेल, तर आधी चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या खड्ड्यातून जाऊ देतात, म्हणजे त्यातलं आम्ल मारलं जातं. मातीतल्या जिवांचा असा विचार पाहिला की आपला यत्नाचार आठवतो. पाणी गाळताना आपण जे जपतो, तेच हे.

तेव्हा दिवाळीच्या फोनवर फराळाबरोबर एवढंही विचारा, “बॉयलरची नळी बाहेर आहे का रे? गुंडाळली का?” बर्फ पडल्यावर वेष्टन घालायला बाहेर उभं राहवत नाही, आणि इंजिनिअरही त्या दिवशी लवकर मिळत नाही.