भांगलणीच्या गप्पा

श्रावणात पावसाने दोन दिवस उघडीप दिली की आमच्या गल्लीतील चार घरांची खुरपी बाहेर निघतात. माती ओली असते, तण मुळासकट हाती येते आणि उन्हाचा त्रासही नसतो. आमच्या कोल्हापूरकडे या कामाला भांगलण म्हणतात. तुमच्याकडे कदाचित खुरपणी किंवा निंदणी म्हणत असतील. शेतातील भांगलण म्हणजे बायकांची टोळी आणि दिवसभराचे कष्ट. आमची भांगलण त्यामानाने अगदीच लहान. चार परसबागा, चौघीजणी, तास-दीड तास. आज एकीच्या अंगणात, तर पुढच्या खेपेस दुसरीच्या.

या बैठकीचा आरंभ मात्र आनंदाचा नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. ते ओसरले तेव्हा अंगणात घोटाभर गाळ उरला आणि पुढे त्याच गाळातून रान माजले. ते एकटीला आवरणारे नव्हते, म्हणून आम्ही एकमेकींच्या अंगणात जाऊन बसू लागलो. त्या वर्षी मी उघड्या हातांनी गाजरगवत उपटले आणि पंधरा दिवस मनगटांवरचे पुरळ खाजवीत बसले. तेव्हापासून हातमोजे आणि लांब बाह्या हा आमचा नियम झाला आहे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, म्हणजे त्याचे पराग नाकात जात नाहीत आणि बी पडत नाही. अंगणातील गाळ गेला, बैठक मात्र राहिली.

वाचकहो, भांगलताना चालणाऱ्या गप्पांचा एक विशेष तुम्ही अनुभवला आहे का? समोरासमोर बसलो की आपण एकमेकांचे चेहरे वाचतो आणि आपलाही चेहरा सांभाळतो. येथे चौघींचीही नजर मातीत असते. हात गुंतलेले असतात, त्यामुळे बोलण्यात खंड पडला तरी अवघडल्यासारखे होत नाही. सुनेचे बाळंतपण, मुलाची परीक्षा, गुडघ्यांची कुरकुर, बाजारातील भाव असे काहीही त्यात निघते. कोणी काही विचारलेले नसतानाही बोलले जाते. गेल्या श्रावणातील एका सकाळी असेच एक वाक्य बोलले गेले. ते ऐकायला मला वर्षभर उशीर झाला होता.

त्या दिवशी विषय चीजचा होता. आमच्यातील सर्वांत धाकट्या वहिनींचा मुलगा दहा वर्षांचा. चपातीवर चीजची चकती ठेवल्याशिवाय तो डबा नेत नाही, अशी त्यांची तक्रार. डब्यांवरील मजकूर बारकाईने वाचण्याची मला सवय आहे, म्हणून मी माझे ज्ञान पाजळले. चीजमध्ये प्रथिने आणि कॅल्शियम असते, ते काही विष नव्हे. परंतु चकतीच्या रूपात मिळणाऱ्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ बरेच असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि मुलांची मर्यादा त्याहूनही खाली येते. वेफर्स, लोणचे, चीज असे एकावर एक येत गेले की ती कधी ओलांडली ते कळत नाही. त्यापेक्षा घरी पनीर करावे. लिंबू पिळले की काम झाले, त्यात मीठ घालावेच लागत नाही.

“चांगलं दूध हातानं नासवायचं?” काकू एकदम म्हणाल्या. “जिवावर येतं बघ माझ्या.”

काकू पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांचे माहेर पन्हाळ्याकडचे, घरी म्हशी होत्या. म्हैस व्याली की चिकाचा खरवस गल्लीभर वाटायचा, परंतु दूध नासणे हा मात्र अपशकुन. चुकून नासलेच तर साखर घालून आटवायचे आणि वडी थापायची. मुद्दाम कोणी नासवीत नसे. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरांतही पनीर नव्हते, ते का, याचे उत्तर काकूंच्या त्या एका वाक्यात होते.

वहिनी हसत म्हणाल्या, “मग काकू, तुमच्या अर्ध्या लिटरचं करता काय तुम्ही?”

काकूंनी लव्हाळ्याची एक गाठ खुरप्याने उकरून बाजूला टाकली आणि सहज म्हणाल्या, “चहापुरतं घेतो. उरलेलं कामवालीला देतो. ह्यांच्यासाठी घेत होतो गं. आता एकटीसाठी काय चूल पेटवायची? चहात खारी बुडवून खाल्ली की झालं दोन्ही वेळचं.”

कोल्हापूरच्या बायका ‘घेते, देते’ऐवजी ‘घेतो, देतो’ म्हणतात, हे तुम्ही ऐकून असाल. काकूंचे ते बोलणे नेहमीसारखेच होते. परंतु चौघींचीही खुरपी थांबली.

काकांचा पिंड तालमीतला. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून ग्राहकाला धार काढून देण्याची कोल्हापूरची जुनी रीत आहे. काका तरुणपणी तेथे उभ्याने पेलाभर धारोष्ण दूध पीत, हे ते अभिमानाने सांगायचे. (आज कोणी विचारले तर मी दूध उकळूनच प्या असे सांगेन, कारण कच्च्या दुधातून क्षयासारखे आजारही पसरतात.) म्हातारपणीही रात्रीचे दूध त्यांनी सोडले नव्हते. ते जाऊन वर्ष झाले, तरी काकूंनी दूध घेणे थांबवले नाही. ते पिणे मात्र त्यांच्याने होईना.

वर्षभर मी रोज फाटकाशी त्यांना विचारीत असे, “काकू, जेवलात का?” आणि त्या म्हणत, “हो गं.” त्यांचे पोलके खांद्यावरून सैल पडलेले मला दिसत होते. जिना चढताना त्या कठड्याला धरून थांबत, हेही दिसत होते. मी त्याला वय म्हटले होते. या पाक्षिकातील आहाराचे लेख कात्रून ठेवणारी मी, शेजारच्या घरातील रिकामे ताट मला दिसले नाही. ही बोच अजून गेलेली नाही.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. वजन वर्षभरात सहा किलोंनी उतरले होते आणि हिमोग्लोबिनही कमी निघाले. डॉक्टरांनी इतर आजार तपासून घेतले, औषध दिले आणि आहाराविषयी जे समजावून सांगितले ते तुमच्याही घरातील वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. उतारवयात ती एक ग्रॅमपर्यंत घ्यावीत, असे अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम. चहा आणि खारीतून त्याचा लहानसा वाटाही मिळत नाही. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, पडण्याचे भय वाढते. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात अंदाजे वीस ग्रॅम प्रथिने असतात. काकूंची निम्मी गरज रोज दाराशी येत होती आणि दारातूनच परत जात होती.

दूध पिणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले. मग पुढच्या भांगलणीनंतर आम्ही त्यांच्याच ओट्यावर त्यांचेच दूध उकळत ठेवले. गॅस बंद केला, क्षणभर थांबून लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घातला. हिरवट पाणी सुटले तशी काकूंनी मान फिरवली. फडक्यात गाळून, वरून गार पाणी ओतून, अर्धा तास वजनाखाली ठेवले. शंभर ग्रॅमच्या आसपास वडी झाली. उरलेले पाणी मी मोरीत ओतणार, तोच त्या ओरडल्या, “थांब, भाकरीचं पीठ मळू त्यात!” त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा काकूंनी परात काढली.

भाजीला त्याच सकाळी वाफ्यातून उपटलेली घोळ होती. घोळ, तांदुळजा, पाथरी ही तणांतील खाण्याजोगी मंडळी काकूंना नेमकी ओळखू येतात. येथे एक सावधगिरी सांगते. ओळख पक्की नसेल तर खाऊ नये, औषध फवारलेल्या जागेतील किंवा गटाराकाठची भाजी घेऊ नये. घोळीत ऑक्झलेट बरेच असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता दर भांगलणीनंतर आम्ही चौघी एकत्र जेवतो. उरलेल्या दिवशी काकूंचे एक जेवण आळीपाळीने आमच्यापैकी एकीच्या घरी असते. वहिनींचा मुलगा काकूंच्या हातचे पनीर तव्यावर परतून डब्यात नेतो. चीज हट्टाने मागतो, पण आठवड्यातून एकदाच. काकूंचे वजन दहा महिन्यांत तीन किलोंनी वाढले आहे. काका गेल्याचे दुःख तेवढेच आहे, ते मी मोजू शकत नाही.

वाचकहो, तुमच्याही शेजारी किंवा घरात असे कोणी असेल, जे “जेवलात का?” या प्रश्नाला रोज “हो” म्हणत असेल. त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारू नका. मेथीची जुडी घेऊन त्यांच्याजवळ निवडायला बसा, कुंडीतील माती मोकळी करायला त्यांना हाक मारा. गुडघे दुखत असतील तर बुडाखाली पाट किंवा उंच स्टूल द्या. आणि तासभर फार काही विचारू नका. परत निघताना मात्र सांगा, “आज जेवायला आमच्याकडे या,” आणि त्यांना बरोबर घेऊनच निघा.