मृद्वीकापाक

कोलकात्यातील माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, ज्ञानकोशाच्या खंडांमागे मद्याची एक बाटली आठ वर्षे उभी होती. घरात मद्य घेणारे कोणी नाही. माझा पुतण्या द्राक्षबागांची देखभाल शिकवीत सोलापूर जिल्ह्यात हिंडत असतो. तो काही कामाने इकडे आला तेव्हा त्याने ती माझ्या हाती ठेवली. म्हणाला, “काका, अण्णांनी द्यायला सांगितलीय. नावात भाऊ आहे म्हणं, त्याच्याकडं असू दे म्हणाले. आलो की बघू.” अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. गळ्यात माळ असलेल्या माणसाने मद्याची बाटली पाठवावी, याचे मला नवल वाटले. तथापि मी काही विचारले नाही.

बाटलीवर ‘सेत्ते’ असे नाव होते. इटालियन भाषेत त्याचा अर्थ सात. आणि ते तयार करणाऱ्या ‘फ्रातेल्ली’ या संस्थेच्या नावाचा अर्थ भाऊ. तस्कनीचे सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांतील सहा भावांनी २००७च्या सुमारास हा उद्योग उभारला. सातवे होते पिएरो मासी, तस्कनीतील अनुभवी मद्यकार. माळशिरस तालुक्यातील मोटेवाडीच्या माळावर त्यांनी तस्कनीची सांजोवेझे ही काळी द्राक्षे आणून लावली. ‘सेत्ते’मध्ये त्यांच्याच रसाला काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच जातीची जोड असते आणि हे मद्य ओकच्या पिंपांत मुरविले जाते. सांजोवेझेच्या मूळ देशी या मुरण्याला कायद्याचे पाठबळ आहे. माँताल्चीनो गावचे ब्रुनेल्लो केवळ याच द्राक्षांचे करतात. ते किमान दोन वर्षे लाकडात ठेवावे लागते आणि काढणीनंतरचे पाचवे वर्ष उजाडल्याखेरीज विकता येत नाही.

इटलीचे मद्य आपल्याकडे पहिल्यानेच आले असे मात्र नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाच्या कर्त्याने भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात मद्याची गणना केली असून त्यातही इटलीच्या मद्यास पसंती असल्याचे नोंदविले आहे. त्या बंदराशी जोडलेल्या पेठा म्हणून तो पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे घेतो. १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी नेवासे येथे केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. आणि मी ज्या नगरीत आयुष्य काढले तिचाही या कथेत वाटा आहे. १८८३-८४ साली चौरंगीवर भारतीय संग्रहालयाच्या परिसरात जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्यात या देशात तयार झालेली मद्ये मांडली होती व ती लोकांस पसंत पडली होती. पुढच्या दशकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळेच खाल्ली आणि तो उद्योग बसला.

आमची बाग तासगाव तालुक्यात होती. वडिलांनी विहीर खणून ती उभी केली. घर माळकऱ्यांचे, फडताळात द्राक्षासवाची बाटली असे, पण ती औषधाची म्हणून. द्राक्षे खाण्याची, आणि उरलीसुरली बेदाण्याची. इटलीत हिवाळ्यात वेल झोपी जातो. आमच्याकडे तो झोपतच नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावे लागते: एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणीच्या वेळी वडील एका ओळीला आणि अण्णा दुसऱ्या ओळीला लागत. मी मागून काड्या गोळा करी. पुढे शिकलो, आणि शिकविण्यासाठी इतक्या दूर येऊन राहिलो.

वडील गेल्यावर वाटणी झाली. मी माझा हिस्सा एका त्रयस्थास विकला आणि त्या पैशांत हे घर घेतले. अण्णांना मी विचारले नव्हते. व्यवहार झाल्यावर कळविले. ते भांडले नाहीत. त्यांनी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या, तब्येत जपण्यास सांगितले, आणि तेथे पत्रव्यवहार थांबला. मीही लिहिले नाही. इतरांच्या घरी कज्जे चालतात, आमच्याकडे आवाजही चढला नाही, याचा मला मनातून अभिमानच वाटे. काळ जाऊ द्यावा, सारे आपोआप निवळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

या समजुतीला माझ्या व्यवसायाचाही आधार होता. आपले घराणे महाराष्ट्राशी जोडून सांगणारा आणि कनौजच्या प्रतिहारांच्या आश्रयास राहिलेला राजशेखर मी अनेक वर्षे शिकविला. त्याच्या ‘काव्यमीमांसे’चे मुद्रण बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतील पहिला ग्रंथ म्हणून १९१६ साली झाले. तीत त्याने काव्याचे नऊ पाक सांगितले आहेत. निंबाचा आरंभी आणि अखेरीसही बेचव, नारळाचा दोन्ही वेळी स्वादिष्ट, आणि मृद्वीकेचा, म्हणजे द्राक्षाचा, आरंभी बेचव पण परिणामी मधुर. बाटलीकडे दृष्टी गेली की मला हा मृद्वीकापाक आठवे. पुतण्यानेही मला समजावून सांगितले होते की, तांबड्या मद्यातील कषाय द्रव्ये नवेपणी जिभेला आवळून धरतात. पुढे त्यांचे कण एकमेकांत गुंतून जड होतात, गाळ तळाशी बसतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि तुरटपणाला मार्दव येते. मी त्यातले मला सोयीचे तेवढेच लक्षात ठेवले. अशा मद्याला बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा लागतो, अंधार लागतो, आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते, हेही तो बोलला होता. आमच्या खोलीत वैशाख-ज्येष्ठात पारा चाळिशीला टेकतो. असे आठ उन्हाळे ती बाटली तेथे उभी राहिली.

गेल्या हिवाळ्यात पुतण्या पुन्हा आला. अण्णांना आता इतका प्रवास झेपणार नाही, असे सांगून तो म्हणाला की बाटली उघडावी. ती उभी असलेली पाहून तो क्षणभर थांबला. बूच निम्म्यावर मोडले. उरलेले कुसकरत बाहेर आले. पेल्यात उतरलेला रंग विटकरीही नव्हता, चिंचेच्या कोळासारखा मातकट होता, आणि वास शिर्क्याचा. त्याने जिभेला लावून पेला खाली ठेवला. “काका, दोष बाटलीचा नाही. ही मुरली नाही, नुसती पडून राहिली.”

राजशेखराने पाकाची चर्चा करताना आपल्या पत्नीचे, अवंतिसुंदरीचे, मत नोंदविले आहे. वामनाच्या अनुयायांचे म्हणणे असे की, ज्या रचनेतील एकही शब्द पालटता येत नाही तिला पाक साधला. अवंतिसुंदरीला हे मान्य नाही. एकाच आशयासाठी थोर कवींना अनेक समर्थ पाठ सुचतात. तेव्हा शब्द पालटता न येणे ही कवीची अशक्ती म्हणावी, पाक नव्हे, असे तिचे म्हणणे. हा उतारा मी दरवर्षी वर्गात समजावून दिला आणि दरवर्षी तो केवळ शब्दांविषयीचा मानला. त्या संध्याकाळी पेला मोरीत ओतताना ती बाई माझ्या घरात उभी आहे असे वाटले. पोस्टकार्डावरील दोन ओळींना मला इतक्या वर्षांत एकही उत्तर सुचले नव्हते, आणि त्यालाच मी परिपक्वता म्हणत आलो होतो. अण्णांनी मात्र आपल्या व्रताला न शोभणारी एक वस्तू, केवळ तिच्या नावासाठी, माझ्याकडे पाठविली होती.

अण्णांना हल्ली ऐकू कमी येते. दूरध्वनीवर बोलणे होत नाही. म्हणून एप्रिलच्या छाटणीला यावे काय, असे मी पुतण्याबरोबरच विचारून पाठविले. आठ दिवसांनी त्याने अण्णांचा निरोप कळविला, “कात्री हाय म्हणावं त्याची.”